भागीआत्या, तू घेतलेली वैशाखऱ्याची सुपारी

भागीआत्या, गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागवणार आहे. तुझं तेरावं बुधवारी झालं आणि वैशाखरे गावातल्या लग्नाची हळद रविवारी होती. ते लग्न लावायची सुपारी तू पौषातच घेऊन ठेवली होतीस, पदराच्या गाठीत बांधून, कोणाला न विचारता. ऐंशीच्या घरातल्या बाईनं दीड महिन्यानंतरचा शब्द द्यावा तरी कसा? बरं, दिलास तर दिलास, निदान तोवर थांबावंस की नाही? तू आपली सकाळी सुपात तांदूळ घेऊन ओट्यावर बसलीस, अर्धे निवडलेस आणि गेलीस. उरलेले अर्धे आईनं निवडले. वैशाखऱ्याच्या लग्नाला कोणी बसायचं हे तू सांगून गेली नाहीस, असं मी आल्यागेल्याला सांगत होते. धडधडीत खोटं बोलत होते, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही.

शहापुरात आमच्या शाळेतल्या एका बाईंना मी म्हटलं, माझी आत्या वारली, ती लग्नं लावायची. त्यांनी हळहळून विचारलं, म्हणजे वधूवर सूचक मंडळ होतं का त्यांचं? मला त्या दुःखातही हसू फुटलं. मग त्यांना समजावून सांगितलं की आमच्या मुरबाडकडे धवलारीण असते. मांडवात पाटावर बसून गाण्यांनी लग्न लावते. चौक भरण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणं झाल्याशिवाय हळदीला कोणी हात लावत नाही. देवांना आणि घरातल्या मेलेल्या पूर्वजांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावणं हेही तिचंच काम. भटजी असतात, ते आपलं काम करून दुसऱ्या लग्नाला पळतात. धवलारीण दोन दिवस हलत नाही. त्या म्हणाल्या, मग किती गाणी येत असतील त्यांना! मी म्हटलं, मोजली नाहीत. ती मोजू द्यायची नाही.

तू काहीच करू द्यायची नाहीस. गाण्याआधी चहा नको, गूळपाणी घे. पायाला मुंग्या आल्या तरी पाट सोडू नको. पाहुण्यांत कोणी सुंदर लुगडं नेसून आली तर तिच्याकडे बघत बसू नको, सूर चुकतो. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे भांडण मांडवाबाहेर ठेवायचं. शेजारच्या कमळीकाकीशी तुझं शेवग्याच्या झाडावरून वाजलं होतं. फांदी तिच्या अंगणात, बुंधा तुझ्या. नऊ वर्षं तुम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हता. पण तिच्या लेकीचं लग्न निघालं तेव्हा ती सुपारी घेऊन तुझ्या दारात आली, आणि तू शब्द न बोलता पदर पुढे केलास. दोन दिवस असं गायलीस की कमळीकाकी मांडवात ढसाढसा रडली. लग्न झालं, जेवलीस, हात धुतलेस, घरी आलीस आणि परत अबोला सुरू! मी विचारलं, "अगं, आता तरी बोल की तिच्याशी." तर म्हणालीस, "लगीन पोरीचं व्हतं. शेवगा माझा हाये." माझ्या शाळेत शिक्षकांची भांडणं होतात तेव्हा मी हा शेवगा किती वेळा सांगितलाय, तुला कल्पना नाही. कोणाला पटत नाही, पण सगळे हसतात, आणि हसल्यावर काम पुढे सरकतं.

चुका तूही करायचीस, हे इथे लिहून ठेवते. म्हसा गावाकडच्या एका लग्नात पूर्वजांना बोलावताना तू नवऱ्यामुलाच्या पणज्याला बोलावलंस, आज्याला बोलावलंस, आणि त्याच ओघात आज्याच्या भावालाही बोलावलंस. धर्माबाबा त्यांचं नाव. ते समोरच बाजेवर बसून विडी ओढत होते.  बायकांनी तोंडात पदर कोंबले. धर्माबाबा उठले, काठी टेकत तुझ्यासमोर आले आणि म्हणाले, "आलो गो. लांबून नाय आलो, पण आलो." दुसरी कोणी असती तर जमिनीत गेली असती. तू सूर न मोडता त्यांना गाण्यातच पाट मांडलास, पाणी दिलंस, आयुष्य मागितलंस आणि पुढच्या पूर्वजाकडे गेलीस. पुढे कित्येक वर्षं ते जत्रेत भेटले की तुला हाक मारून सांगायचे, अजून हाये गो मी! त्यांच्या घरच्यांचं तर म्हणणं होतं की तुझ्या त्या बोलावण्यानंच म्हाताऱ्याला एवढं आयुष्य मिळालं. तूही हे ऐकून नाही म्हणायची नाहीस.

आत्या, आता ते सांगते जे मी तुझ्या तोंडावर कधी सांगू शकले नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नुकतीच डीएड झाले होते. नव्वद सालानंतरची ती वर्षं. शहापूरचं सासर, स्टेशनपासून जवळ, घरात रंगीत टीव्ही. लग्नाला बँड होता, व्हिडिओ शूटिंगवाला होता, मंगलाष्टकांना माइक होता. आणि तू नव्हतीस. होतीस, पण मांडवात नव्हतीस. मागच्या अंगणात आचाऱ्यांपाशी लसूण सोलत बसली होतीस. अख्ख्या खोऱ्यातल्या पोरींची लग्नं लावणारी बाई, आणि सख्ख्या भावाच्या लेकीच्या मांडवात तिचा पाट नव्हता. तुला सांगण्यात आलं होतं की शहापूरवाल्यांना धवले नकोत, त्यांच्यात तशी पद्धत नाही. तू "बरं" म्हणालीस.

शहापूरवाले काहीही बोलले नव्हते. माझ्या सासऱ्यांनी उलट विचारलं होतं, तुमच्याकडे धवलारीण कोण असते? मीच बाबांना सांगितलं, आत्याला गाऊ नको म्हणावं. बाबांनी विचारलं, "तुझ्या सासरचे बोलले का?" मी हो म्हटलं. मला लाज वाटत होती तुझी. तुझ्या त्या उंच चिरक्या आवाजाची, तंबाखूची, अनवाणी पायांची. व्हिडिओत तू यायला नको होतीस मला. बाविशीतली पोर होते म्हणून स्वतःला माफ करायचा प्रयत्न मी पुष्कळदा केला, पण बाविशीत माणसाला बरंच कळतं. त्यानंतर तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. माझ्या पहिल्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन तूच आलीस, किन्हवलीवरून एसटी बदलत. ते लाडू खाताना तरी मी सांगायला हवं होतं.

मग दहाबारा वर्षं गेली. तुझ्याबरोबर गाणारी ठकूमावशी लेकाकडे कल्याणला राहायला गेली. धवले एकटीनं गाता येत नाहीत. पुढचीनं ओळ टाकायची, मागचीनं ती झेलायची, तेवढ्यात पुढचीनं श्वास घ्यायचा. झेलणारी नसली तर धवलारीण दोन गाण्यांत धापा टाकते. मी मेच्या सुट्टीत माहेरी आले होते. तू ओट्यावर येऊन म्हणालीस, "नंदे, उद्या माझ्या मागं बस."

"मला कुठं येतात तुझी गाणी?"

"नुसता आ केलास तरी चालंल. दिसाया दोघी दिसल्या पाहिजेत."

तुला दुसऱ्यांदा नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. गेले. आ करून बसले. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की मी आ करत नाहीये, मी गातेय. लहानपणी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेलं सगळं आत कुठेतरी पडून होतं. तू मागे वळून बघितलंही नाहीस. फक्त ओळी लांब टाकायला लागलीस, म्हणजे मला झेलायला जास्त लागेल अशा. त्या दिवशी घरी येताना मी इतकी खूश होते की माझ्या चपला मांडवातच राहिल्या.

त्यानंतर दर सुट्टीत मी तुझ्या मागे बसू लागले आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. वहीचं. मी मास्तरीण. ऐकलं की लिहायचं, ही माझी खोड. दोनशे पानी वही घेतली आणि तू गाशील तसं उतरवू लागले. तू पाहिलंस आणि भडकलीस.

"बंद कर ती. लिवलंस की डोक्यातून गेलं."

"अगं, लिहिलं नाही तर तुझ्याबरोबर जाईल सगळं."

"मी गेल्यावर लोक लग्ना करायची थांबणार हायेत का?"

"लग्नं करतील, पण गाणार कोण?"

"तू हायेस ना."

"मला पाठ होत नाही म्हणून तर लिहितेय!"

"लिवतेस म्हणून पाठ होत नाय."

सात वर्षं हेच. मुरबाडच्या स्टँडवर, शेतात, एसटीच्या मागच्या सीटवर. एकदा तर कंडक्टर वैतागून म्हणाला, म्हातारे, तिला लिहू दे नाहीतर दोघी खाली उतरा. तू त्यालाच विचारलंस की तिकिटांचे भाव तू वहीत बघून सांगतोस का? त्यानं घंटीची दोरी ओढली आणि पुढे गेला. मी मात्र हटले नाही. तुझ्या नकळत लिहीतच राहिले.

आणि त्याची शिक्षा मला टोकावड्याला मिळाली. आठवतंय ना? काय विचारतेय, तू मरेपर्यंत प्रत्येकाला ते सांगितलंस. तुला ताप होता, म्हणून हळदीला मी पुढे बसले आणि तू मागे. वही मांडीवर, पदराखाली लपवलेली. माझे हात हळदीनं आणि तेलानं माखलेले, वहीची पानं एकमेकांना चिकटलेली. हळदीचं एक गाणं संपवलं, पान उलटलं आणि पुढचं सुरू केलं. खणखणीत आवाजात. दोन ओळी झाल्या तशी नवरीची आई हुंदके द्यायला लागली. मला वाटलं, वा, आज आवाज लागलाय! तिसऱ्या ओळीला मावश्या रडायला लागल्या. चौथ्या ओळीला नवरीनं हळदीच्या हातांनी आईच्या गळ्यात मिठी मारली, आईचं नवं पातळ पिवळंधमक. मी आणखी जोर लावला. अख्खा मांडव रडतोय आणि नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन आलेली माणसं दारात ताट धरून उभी, घाबरलेली. त्यांना वाटलं कोणीतरी गेलं.

पाच पानं एकदम उलटली होती. मी पाठवणी गात होते! लग्न लागायला अजून अख्खा दिवस होता आणि मी पोरीला सासरी धाडून मोकळी झाले होते. पण आपल्या बायकांना पाठवणीचा सूर कानावर पडला की रडायचं एवढंच ठाऊक. कधी, कुठे, कशाला, ते कोणी विचारत नाही.

तेवढ्यात मागून तुझा तापातला घोगरा आवाज आला. कुठल्याही गाण्यात नसलेल्या ओळी:

रडू नका गो बायांनो, नवरी अजून पाटावर,
नवरा नाय निघाला गो, बाशिंग त्याचं खाटेवर,
नंदीमास्तरीण घाईची, गाडी तिची वाटेवर.

आधी एकच बाई हसली. मग सगळ्या. रडून लाल झालेले डोळे आणि हसून दुखणारी पोटं, अशी ती हळद लागली. परतताना एसटीत तू माझा हात धरून म्हणालीस, "पाठवणी बेस येते तुला. आता हळद शीक." आणि वही मागून घेतलीस. मला वाटलं, गेली चुलीत. पण दुसऱ्या दिवशी ती तुझ्या तांदळाच्या डब्यावर होती, वर घडी केलेलं फडकं. मी उचलून पिशवीत घातली, तू बघितलंस आणि दुसरीकडे मान वळवलीस.

पौषात म्हशाच्या जत्रेवरून परत आलो, ती आपली शेवटची भेट. नवी घोंगडी पायांवर घेऊन तू म्हणालीस, "वैशाखऱ्याला तू पुढं बस. मी मागं बसते. बिनवहीची."

मी म्हटलं, "नाही जमणार. शाळेची तपासणी आहे."

तपासणी आदल्या शनिवारीच संपणार होती. मला टोकावडं आठवत होतं, एवढंच. तू पुन्हा म्हणाली नाहीस. सुपारीची गाठ चाचपलीस आणि घोंगडीला किती घासाघीस केली ते सांगत बसलीस.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी वैशाखऱ्याहून नवरीचा बाप आला, काथोडभाऊ. बिचारा संकोचानं दारातच उभा. "बायची आजी बोलते, धवला नाय तर हळद नाय. आता काय करवाचं?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सुतकाचा आधार घेतला. त्यावर ओट्यावर जी सभा भरली ती तू ऐकायला हवी होतीस. एक म्हणाला, भागी दिलेल्या घरची, तिचं सुतक तिच्या सासरच्यांना. दुसरा म्हणाला, पण राहायची माहेरी, मेली माहेरी. तिसरा म्हणाला, नंदी तर तिसऱ्याच घरची, तिला कसलं सुतक, फार तर तीन दिवस, ते कधीच फिटले. शेवटी एक आजोबा म्हणाले, रविवारी कोणाच्याच हिशेबानं सुतक राहत नाय, मग भांडताय कशाला? मी म्हटलं, मला येत नाही. टोकावड्याला काय झालं ते विचारा. काथोडभाऊंनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, तुझी कृपा.

ते गेले तशी आईनं मला आत बोलावलं. आई कधी जास्त बोलत नाही, तुला माहीत आहे. पाटावर बसवलं आणि म्हणाली, "तुझ्या लग्नात वन्सं मागं बसल्या व्हत्या, आठवतंय?"

मी म्हटलं, "आठवतंय."

"लसूण सोलत व्हत्या. मी मधेमधे जायची मसाला बघाया. त्या गात व्हत्या. हळू, ओठातल्या ओठात. चौक, हळद, देव, सगळा. पुढं बँड वाजत व्हता न् मागं त्या एकट्या. झेलाया कोणी नाय. मी बोलले, वन्सं, ऐकाया कोण हाये इथं? तर बोलल्या, पोरीचं लगीन अर्धं नको राहाया."

मी मग विचारलं, "तिला माहीत होतं? की मी..."

"तुझ्या बाबांना खोटं पचतंय का? त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. मला बोलल्या, नंदीला कळू देऊ नको, पोर सासरी जातेय, उगाच मनाला लावून घेईल."

आत्या, मी तिथेच पाटावर बसून रडले, अगदी टोकावड्याच्या बायकांसारखी मोठ्यानं. माझं लग्न तू लावलं होतंस. वीस वर्षं होत आली आणि मला आता कळलं. तुला सगळं ठाऊक होतं, तरी लाडू घेऊन आलीस, मला मागे बसवलंस, ओळी लांब टाकल्यास. मी तुझी माफी मागायची राहिली म्हणून झुरत होते आणि तू ती कधीच देऊन टाकली होतीस, लसूण सोलता सोलता! तोंड धुऊन मी बाहेर आले आणि भावाला म्हटलं, काथोडभाऊंना गाठ. सांग, मी येते.

रविवार येईपर्यंत जेवण गेलं नाही. वही पिशवीत घेतली होती, तुला काय खोटं सांगू. वैशाखऱ्याला पोचले तर घाटाकडून थंड वारा सुटलेला, मांडवाला जांभळीच्या हिरव्या डहाळ्या आणि मांडव बायकांनी गच्च. सगळ्या जणी तोंडभर हसत म्हणाल्या, या बाई. पण नजरेत टोकावडं स्पष्ट दिसत होतं. पिशवी कोणीतरी आतल्या खोलीत खुंटीला अडकवली. माझ्यामागे झेलायला नवरीची चुलती बसली, आयुष्यात पहिल्यांदाच. मी गूळपाणी प्यायले, तांदळाच्या ओल्या पिठात हात घातले आणि चौकाचं गाणं उचललं.

चौक झाला. पीठ झालं. तेल झालं. हळद आली आणि मी हळदच गायले, त्या वेळी दोन म्हाताऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. मग देवांचं बोलावणं. म्हसोबा आला, गावदेवी आली, वाघोबा आला, नदीवरच्या आसरा आल्या. आणि पुढचा देव येईना.

डोकं कोरं. ओळ नाही, सूर नाही, काही नाही. हात कोपरापर्यंत पिठात, वही आत खुंटीला. चुलती मागून झेलायला तोंड उघडून बसलेली, आणि झेलायला काहीच येत नाही. मी ती शेवटची ओळ पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली. नवरीची आजी माझ्याकडे रोखून बघत होती. मला वाटलं, संपलं. भागी धवलारणीबरोबर सगळं गेलं असंच उद्या लोक म्हणतील, आणि ते माझ्यामुळे म्हणतील.

तेव्हा ओट्याकडून एक पातळ आवाज आला. एक पाठीत वाकलेली बाई, नातवाला मांडीवर घेऊन बसलेली. तिनं डोंगरावरच्या देवाची ओळ टाकली. तिच्या शेजारणीनं दुसरी. मग खांबाजवळच्या तिघीचौघींनी. मग सगळ्यांनी. आत्या, त्यांना येत होतं! त्या कधी धवलारणी नव्हत्या, कोणी कधी शिकवलं नव्हतं त्यांना. पण त्या प्रत्येकीचं लग्न तू लावलं होतंस, त्यांच्या लेकींचं, नणंदांचं, जावांचं. चाळीस वर्षं त्या मांडवात बसून ऐकत होत्या. मी हरवलेला देव त्यांनी आणला, त्याच्या पुढचे तीन आणले. आणि मग एक गंमत झाली. गडावरच्या देवीच्या ओळीनंतर सगळ्या जणी एकदम थांबल्या आणि सगळ्या एकदम खाकरल्या. मग पुढे गायला लागल्या. मी चमकून बघितलं. तिथे गाण्यात काही नाही, आत्या. तिथे तू तंबाखूपायी खाकरायचीस. त्यांना तो धवल्याचाच भाग वाटत होता!

मला हसू आवरेना. हसत हसतच मी ओळ परत हातात घेतली. आता भीती राहिली नव्हती. मी ओळ टाकायची आणि अख्खा मांडव झेलायचा, पन्नाससाठ जणी. बाहेर जेवणाची भांडी मांडणारे पुरुष हातातलं काम टाकून दाराशी आले. बँडवाले चहा घ्यायला बसले होते ते बसूनच राहिले. नवरीच्या आजीनं उठून माझ्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाली, "भागीबाय अशीच गायची." मी म्हटलं, नाही हो, आज तर तुम्हीच गायलात. तर म्हणाली, "आमाला काय येतंय गो, आमी नुसत्या झेलतो." दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, आणि पाठवणी पाठवणीच्या वेळेला झाली. मी न रडता गायले. बाकी सगळ्या रडल्या, नवरदेवसुद्धा.

वही मी खुंटीवरून काढली ती न उघडताच घरी आणली. म्हणजे तू जिंकलीस का? अजिबात नाही. त्या म्हाताऱ्या काही कायमच्या नाहीत, आणि आमच्या शहापूरच्या पोरी मांडवात बसतात त्या मोबाइलवर बोटं चालवत. मी लिहिणारच आहे, आणि खाकरणं कंसात लिहिणार आहे. पण पुढच्या सुट्टीत माझ्या लेकीला मागेही बसवणार आहे, बिनवहीची. ती आत्तापासून कुरकुर करतेय. मी तिला म्हटलं, नुसता आ केलास तरी चालेल.

आज बुधवार. काल वर्गात तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा आली. पोरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. डॉक्टर म्हणाले, बाई, आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही. म्हणून तुझ्याशी हे बोलायचं तर लिहिण्यावाचून इलाज उरला नाही. रागवू नकोस, आत्या. आवाज होता तेवढा सगळा मी वैशाखऱ्याला देऊन आले.